३ जुलैची ७ मार्च कशी झाली?

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती: तारीख आणि वेळ यांच्याबद्दल संगणकावर काही अडलं असेल तर लिहा. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी पानं त्यांनाच दिली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं मी संगणकाचा वर्ग घेते. अर्ज भरणाऱ्यांच्या चुका तपासल्या, माझ्या हातून झालेल्याही निस्तरल्या. त्यांत तारखेच्या चुका सगळ्यांत जास्त. शब्द चुकला तर कुणीतरी वाचून सांगतं. तारीख चुकली तर ती तशीच पुढे जाते, कारण चुकलेली तारीखही तारखेसारखीच दिसते.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटाचा हिशेब मी मुलाच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये ठेवते. ३ जुलैला दिलेलं कर्ज ३/७/२०२५ असं टाकलं आणि ते तसंच दिसतं. तीच शीट बँकेत मॅडमनी उघडली तर तिथे ०७-०३-२०२५ दिसलं. त्या म्हणाल्या, मग व्याज मार्चपासून धरा. १३ जुलैचं कर्ज मात्र तिथेही बरोबर होतं. आणि ५ जुलैच्या ओळीत तर तारखेऐवजी ४५७८४ असा आकडा आला आहे. चूक कुणाची?
— गटाच्या सचिव, राळेगाव तालुका

उत्तर : ताई, चूक तुमची नाही आणि मॅडमचीही नाही. तो ४५७८४ चा आकडा पुसू नका, सगळ्याची किल्ली त्यातच आहे.

एक्सेलच्या पोटात तारीख नसतेच. तिथे दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, २ जानेवारी दुसरा, असं मोजत आलं की १ जानेवारी २०२५ ला ४५६५८ वा दिवस येतो आणि १ जुलै २०२५ ला ४५८३९ वा. दिवस, महिना, वर्ष हे त्या आकड्याला चढवलेले कपडे. एखाद्या खान्याचा फॉरमॅट चुकून ‘जनरल’ झाला की कपडे उतरतात आणि उघडा आकडा दिसतो. तुमच्या ५ जुलैच्या ओळीत तेच झालं.

आता तो आकडा नीट बघा. ५ जुलै २०२५ चा आकडा ४५८४३ यायला हवा होता. तुमच्याकडे ४५७८४ आहे, आणि तो आहे ७ मे २०२५ चा. म्हणजे तुम्ही ५/७ लिहिलंत आणि लॅपटॉपने ‘पाचवा महिना, सातवा दिवस’ असं वाचलं. मुलाच्या लॅपटॉपवर रिजन, म्हणजे तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहायची ती सेटिंग, अमेरिकेचं राहून गेलेलं आहे. तिकडे महिना आधी लिहितात. त्याच हिशेबाने तुमचं ३/७ हे ७ मार्च झालं आणि आत ४५७२३ हा आकडा जाऊन बसला.

तुम्हाला ते दिसलं कसं नाही? कारण दाखवतानाही लॅपटॉप अमेरिकेच्याच पद्धतीने दाखवतो. ७ मार्च तो ३/७/२०२५ असा लिहितो. तुम्ही जे लिहिलं तेच समोर आलं, मग शंका यायची कशी? बँकेतल्या संगणकाचं रिजन भारत. त्याने तोच ४५७२३ आपल्या पद्धतीने लिहिला आणि चूक पहिल्यांदा उघड झाली. मॅडमच्या संगणकाने काहीही बदललेलं नाही.

१३ जुलैची ओळ बरोबर दिसते, पण खरा घोटाळा तिथेच आहे. तेरावा महिना नसल्यामुळे लॅपटॉपला ती तारीख म्हणून घेताच आली नाही. त्याने ती नुसती अक्षरं म्हणून ठेवली. अक्षरं कुठल्याही संगणकावर तशीच दिसतात, पण त्यांच्यावरून दिवस मोजता येत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. खाना तुम्ही स्वतः डावी-उजवीकडे सरकवलेला नसेल, तर खरी तारीख खान्यात उजवीकडे टेकते आणि अक्षरं डावीकडे. शीट उघडा आणि कॉलमवर नुसती नजर फिरवा. १ ते १२ तारखा उजवीकडे आणि १३ पासून पुढच्या डावीकडे दिसल्या, तर सगळा कॉलम बिघडलेला समजा. ७/७ सारखी एखादी ओळ तेवढी योगायोगाने बरोबर असेल.

यात पैसा किती आहे तेही सांगते. ३ जुलैच्या ४५८४१ मधून ७ मार्चचे ४५७२३ गेले की उरले ११८ दिवस. दहा हजारांच्या कर्जावर महिना शेकडा दोनने हे जवळजवळ चार महिन्यांचं, आठशेच्या आसपास व्याज झालं. ज्या बाईने जुलैमध्ये पैसे उचलले तिच्याकडून मार्चपासूनचं व्याज घ्यायचं नाही. मॅडमना हा अंक दाखवा.

दुरुस्ती अशी करा. आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये रिजन भारत करा. पण त्याने जुने आकडे सुधारत नाहीत, हे लक्षात ठेवा. गटाची वही हाताशी असेल तर वहीवरून कॉलम पुन्हा टाका. पन्नास-साठ ओळींना तासभर लागेल, पण खात्री वहीचीच. ओळी हजारभर असतील तर डावीकडच्या ओळींना ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मधून दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगा. उजवीकडच्या ओळींसाठी डेट फंक्शन वापरा आणि त्यात महिन्याच्या जागी दिवस आणि दिवसाच्या जागी महिना द्या. पुढे तारीख टाकताना महिना आकड्यात लिहू नका. तीन, रेघ, जुल, रेघ, २०२५ असं इंग्रजी अक्षरांत लिहा. मग रिजन कुठलंही असलं तरी जुलैचा मार्च होत नाही. माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून मी हीच सवय लावते.

प्रश्न : जात पडताळणीसाठी वंशावळ एक्सेलमध्ये करतो आहे. पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद १८९८ ची आहे. ती तारीख टाकली की त्यावरून काहीच मोजता येत नाही.
— विद्यार्थी, दर्यापूर तालुका

उत्तर : एक्सेलची मोजणी १९०० पासून सुरू होते. त्याआधीचा दिवस त्याच्यासाठी नाहीच, म्हणून १८९८ ची तारीख ते अक्षरं म्हणून ठेवतं. लिबरऑफिस फुकट मिळतं, त्यात मागच्या दिवसांना उणे आकडे मिळतात आणि मोजणी चालते.

१९०० च्या नोंदींमध्येही जपून. चारने भाग जाणारं वर्ष लीप असतं, पण शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. एक्सेल मात्र १९०० च्या फेब्रुवारीत २९ तारीख धरतं आणि तिला साठावा दिवस देतं. त्याच्या आधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती, आणि लोटसच्या शीट एक्सेलमध्ये नीट उघडाव्यात म्हणून ती जाणूनबुजून तशीच ठेवली. त्यामुळे १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखांचे वार एक्सेलमध्ये एकाने चुकतात.

कोतवाल बुकातली तारीख मात्र जशी लिहिली आहे तशीच, अक्षरांत, वेगळ्या कॉलमात राहू द्या. मोजणीसाठी दुसरा कॉलम करा. पडताळणीत तुमची शीट कुणी बघणार नाही. नक्कल बघतील, आणि तिच्याशी एक अक्षर जरी जुळलं नाही तरी फेऱ्या सुरू होतात.

प्रश्न : ताई, आमच्या फिडरले रात्रीची लाइट असते. रात्री १०:१५ ले येते, सकाळी ६:१५ ले जाते. मोटर किती तास चालली हे लिवासाठी पोरानं शीट बनवून देली. जायच्या वेळेतून यायची वेळ वजा केली तं खान्यात नुसते ##### येतात. अन् रोजचे ८:०० हातानं टाकून बेरीज केली तं हप्त्याचे मिळून ५६ तास व्हायले पायजेत, पण ८ दाखवते. असं काऊन?
— कास्तकार, मोर्शी तालुका

उत्तर : भाऊ, दिवस पूर्ण आकडा असेल तर वेळ म्हणजे त्या दिवसाचा तुकडा. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. तुमचे रात्रीचे १०:१५ झाले ०.९२७ आणि सकाळचे ६:१५ झाले ०.२६०. लहानातून मोठं वजा केलं की उत्तर उणे सोळा तास येतं. उणे वेळ कशी दाखवायची हे एक्सेलला जमत नाही, म्हणून ते खाना ##### ने भरतं. ६:१५ दुसऱ्या दिवसाचे आहेत हे आपल्याला कळतं, त्याला कुणी सांगितलेलं नाही. वजाबाकीत १ मिळवा, म्हणजे एक दिवस. उत्तर ०.३३३ येतं, तेच तुमचे आठ तास. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही खान्यांत वेळेसोबत तारीखही टाका. मग लाइट बारा वाजायच्या आधी गेली तरी सूत्र बदलावं लागत नाही.

हप्त्याचे ५६ तास आत बरोबरच आहेत. ५६ तास म्हणजे दोन दिवस आणि आठ तास. नेहमीचा वेळेचा फॉरमॅट घड्याळासारखा चोवीसला परत शून्यावर येतो, म्हणून दोन दिवस झाकले जातात आणि आठ उरतात. फॉरमॅटमध्ये टाइमच्या यादीत ३७:३०:५५ असा एक नमुना आहे, तो निवडा. ५६ दिसतील.

प्रश्न : शाळेतला जुना संगणक लाइट गेली की तारीख विसरतो. परत चालू केला की कितीतरी वर्षं जुनी तारीख दाखवतो आणि इंटरनेटवरची कुठलीच साइट उघडत नाही. नवीन घ्यावा लागेल का?
— मुख्याध्यापक, घाटंजी तालुका

उत्तर : सर, नवीन घेऊ नका. आत एक बटणाएवढा सेल असतो तो संपला आहे. त्याच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात मिळतो.

हे मी वर्गात मुलांना उघडून दाखवते. प्लग काढायचा, बाजूचं पत्र्याचं झाकण सरकवायचं. आमच्याकडे आत आधी पऱ्हाटीच्या हंगामातली तंतूंची धूळ निघते, ती रंगाच्या मऊ ब्रशने झटकायची. मग मोठ्या हिरव्या बोर्डावर चकचकीत गोल सेल दिसतो. कडेची पट्टी नखाने दाबली की तो वर उसळतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर. बहुतेक वेळा त्याच्या आसपास चांदीच्या रंगाची एक बारीक नळी असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. संगणक बंद असताना वेळ तिथे चालू असते. आत क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा कशाला? ३२,७६८ चे निम्मे करा, परत निम्मे करा, असं पंधरा वेळा केलं की बरोबर १ उरतो. निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक्सला सगळ्यांत सोपं काम, म्हणून पंधरा पायऱ्यांत एक सेकंद तयार होतो. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्‌झ घड्याळातही हाच आकडा असतो.

हा स्फटिक साधारण २५ अंशांना जुळवलेला असतो. त्याहून थंडी असो की ऊन, तो हळूच चालतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर असतो. तसं दिवसरात्र राहिलं तर महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास घड्याळ मागे पडेल. इंटरनेट आलं की संगणक बाहेरून बरोबर वेळ मागून घेतो आणि हा फरक पुसतो.

साइट का उघडत नाहीत, तेही यातच आहे. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तुमचा संगणक आज कितीतरी वर्षं मागचा दिवस आहे असं मानतो. त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही. सेल बसवा, तारीख एकदा नीट लावा, सगळं चालू होईल.

प्रश्न : मोबाइलमध्ये वेळ लावताना ‘कोलकाता’ का येतं? नागपूर भारताच्या मधोमध आहे.
— वाचक, काटोल तालुका

उत्तर : जगातल्या घड्याळांच्या नियमांची एक यादी आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थांनी १९८० च्या दशकात ती सुरू केली, आणि आज बहुतेक फोन आणि संगणक तीच वापरतात. नाव देताना देशाचं किंवा राजधानीचं न देता त्या भागातल्या सर्वांत मोठ्या शहराचं द्यायचं, असा त्यांचा रिवाज. भारताला एकच वेळ, म्हणून एकच नाव. नागपूरवर अन्याय वगैरे काही नाही.

या यादीत इतिहासही नोंदलेला आहे. आपली ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ १९०६ पासूनची. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळं आणखी एक तास पुढे होती. त्या काळातली नोंद उघडली तर संगणक साडेसहा तास धरतो.

साडेपाच तास ठरतात ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून. यवतमाळ ७८ अंशांच्या जरासं पुढे आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमच्या वावरात सूर्य डोक्यावर यायला घड्याळात सरासरी बारा वाजून सतरा मिनिटं होतात. बुलढाण्याला आणखी सात-आठ मिनिटं उशीर. सावली बघून दुपार ठरवणारी माणसं चुकत नव्हती. त्यांचं घड्याळ त्यांच्या गावचं होतं.

प्रश्न : एका मिनिटात ६१ सेकंद असू शकतात का?
— आठवीतली मुलगी, आर्वी

उत्तर : हो बाळा, असतात. पृथ्वी अणुघड्याळाइतकी नेमकी फिरत नाही, म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक सेकंद घालतात. आजवर असे २७ घातले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला: ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद, मग ६० सेकंद, मग साडेपाच. संगणकांना हा जादा सेकंद फार त्रास देतो. म्हणून २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं २०२२ साली ठरलं.

प्रश्न : मॅडम, २०३८ मध्ये सगळे फोन बंद पडणार अशी रील फिरते आहे. खरं आहे का? आणि माझ्या फोनमध्ये काही फाइलींवर ‘१ जानेवारी १९७०, ५:३०’ असं का दिसतं? तेव्हा तर बाबाही जन्मले नव्हते.
— बारावीचा विद्यार्थी, पुसद

उत्तर : दोन्हींचं मूळ एकच आहे. एक्सेल दिवस मोजतं, तुझा फोन सेकंद मोजतो. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बनवलं, तिथून ही पद्धत आली. सुरुवातीला ते सेकंदाचे साठ भाग करून मोजत. त्यांनी मोजणीला ३२ खाने दिले होते, प्रत्येकात ० किंवा १. त्या वेगाने ते सव्वादोन वर्षांतच भरले असते. मग पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं आणि आरंभ धरला १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र. त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होते. तुझ्या फाइलीला कुणी वेळच दिली नाही, तिथे शून्य राहिलं, आणि फोनने शून्याचा अर्थ इमानदारीने लिहिला. कागदपत्रावर ही तारीख दिसली तर ती तारीख नाही, रिकामी जागा आहे, असं समज.

२०२६ उजाडताना ही मोजणी १७६ कोटी ७२ लाखांच्या पुढे होती. ३२ खान्यांतला एक अधिक-उणेसाठी जातो. उरलेल्यांत मोठ्यात मोठा आकडा मावतो २,१४,७४,८३,६४७. तो क्षण आपल्याकडे मंगळवार, १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येतो. पुढच्या सेकंदाला आकडा उणे टोकाला जातो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवतं.

फोन बंद पडणार नाहीत. आताचे फोन ६४ खान्यांत मोजतात, आणि ते भरायला २९२ अब्ज वर्षं लागतील. काळजी आहे ती कुठेतरी भिंतीत, डब्यात बसवलेल्या जुन्या यंत्रांची, ज्यांचा प्रोग्रॅम बसवल्यानंतर कुणी पुन्हा उघडलेला नाही. आणि २०३८ ची वाट बघायचीही गरज नाही. सुकन्या समृद्धी खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं. २०१७ च्या जानेवारीअखेर उघडलेल्या खात्याच्या पासबुकासाठी त्याच दिवशी २०३८ ची, त्या मर्यादेपलीकडची तारीख काढावी लागली. पुढच्या तारखा लिहिणाऱ्यांना हा प्रश्न कधीच भेटून गेला आहे. तू प्रोग्रॅमिंग शिकणार असशील तर हे काम तुमच्या पिढीचं आहे, रील बघून घाबरायचं नाही.

प्रश्न : बैलांसाठी साज, रंग वेळेवर आणायला मी फोनमध्ये पोळ्याचं रिमाइंडर लावलं, दर वर्षी. २०२४ ला पोळा २ सप्टेंबरला होता. २०२५ ला फोन वाजला तेव्हा पोळा होऊन अकरा दिवस झाले होते.
— कास्तकार, वरोरा तालुका

उत्तर : काकाजी, फोनला ‘दर वर्षी’ म्हणजे सूर्याचं वर्ष एवढंच ठाऊक. पोळा श्रावण अमावास्येचा, चंद्राचा. मागचे तीन पोळे एक्सेलच्या दिवसांत लिहून बघा. १४ सप्टेंबर २०२३ म्हणजे ४५१८३, २ सप्टेंबर २०२४ म्हणजे ४५५३७, २२ ऑगस्ट २०२५ म्हणजे ४५८९१. दोन्ही वेळा मधले दिवस ३५४. चंद्राचे बारा महिने तेवढेच भरतात. फोनने ३६५ दिवस मोजले, म्हणून तो अकरा दिवस मागे राहिला.

मग दर वर्षी ३५४ मिळवत गेलं तर? दोन-तीन वर्षं जमेल आणि मग अधिक महिना येईल. २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून पोळा सप्टेंबरच्या मध्यावर गेला होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून तो पुन्हा सप्टेंबरात येतो. मला हे गणित फार देखणं वाटतं. पोळा दर वर्षी सरकतो, पण पावसाळ्याच्या बाहेर कधी पडत नाही.

तिथी तर याहून अवघड. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, त्यामुळे कधी ती एकोणीस तासांत संपते, कधी सव्वीस तास चालते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते, आणि पंचांगात तिचा क्षय होतो. संगणकाला हे जमत नाही असं नाही, पण त्यासाठी प्रत्येक दिवशी चंद्र-सूर्य आकाशात कुठे आहेत हे काढावं लागतं. फोनमधलं साधं रिमाइंडर तेवढं करत नाही. दिवाळीत नवं कॅलेंडर घरी आलं की पाच मिनिटं बसा आणि पोळा, अक्षय्यतृतीया, घरच्यांचे तिथीने असलेले दिवस, सगळे एकेक करून त्या वर्षापुरते फोनमध्ये टाका.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या आधारवर १ जून १९५६ आहे. आजी सांगायची की ते तान्ह्या पोळ्याला झाले. संगणकात ‘साधारण अमुक’ अशी तारीख टाकायची सोय का नाही?
— वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आमच्या गावातही १ जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि दिवस १ जून लिहून टाकला, पोराला वेळेत पहिलीत बसता यावं म्हणून. कागदावर गुरुजींना ‘अंदाजे’ लिहिता येत होतं. संगणकातला तारखेचा खाना एकच आकडा मागतो, आणि आकडा अंदाजे नसतो. वर्ष माहीत आहे, महिना माहीत नाही, असं लिहायला त्यात जागा नाही. काही जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं दिसतं, ती हीच अडचण. जिथे तिन्ही आकडे लागतात तिथे कुणीतरी दिवस-महिना भरतो, आणि त्यानंतर अंदाज कुठला आणि खरं कुठलं हे शीट बघून कुणालाच सांगता येत नाही.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. २००६ साली म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनची एक यादी टंकायला माझ्याकडे आली होती. कागदांवर वर्षाचे दोनच आकडे होते, मीही दोनच टाकले. एका आजींचं वर्ष होतं २९. दोन आकडे दिसले की संगणकाला शतक ठरवावं लागतं, आणि माझ्या वर्गातल्या संगणकांवर ती रेघ २९ आणि ३० च्या मध्ये होती. ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९, ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९. १९३१ ला जन्मलेल्या म्हाताऱ्याचं नाव यादीत बरोबर गेलं. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आजी मात्र २०२९ ला जन्मल्या. वय उणे तेवीस. वयाची गाळणी लावली तशा त्या यादीतून गळल्या आणि कुणी विचारलं नाही. तीन वेळा त्या पायी तालुक्याला आल्या, ऊन डोक्यावर घेऊन. तिसऱ्या वेळी माझ्या वर्गाच्या पायरीवर पाणी प्यायला बसल्या आणि कागद पुढे केला, तेव्हा मी फाइल उघडली. खान्यात ‘२९’ एवढंच दिसत होतं. मी त्याच्यावर क्लिक केलं आणि वर पट्टीत पूर्ण तारीख आली. पुढचे सहा महिने मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्या दिवसापासून वर्षाचे चार आकडे टाकल्याशिवाय मी कुणालाही पुढच्या ओळीवर जाऊ देत नाही.

तुमच्या वडिलांचं असं करा. आधार, शाळेचा दाखला, पासबुक सगळीकडे १ जून असेल तर तिथे हात लावू नका. सगळीकडे एकच असणं जास्त महत्त्वाचं आहे. पण घरच्या वहीत, शीटमध्ये, जन्मतारखेच्या शेजारी आणखी एक कॉलम घ्या आणि त्यात अक्षरांत लिहा: ‘आजीच्या सांगण्यावरून, तान्हा पोळा, १९५६’. मोजणीला १ जून चालेल, पण आजीचं सांगणं त्या आकड्याखाली पुरलं जाऊ नये.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, त्यामुळे वर्ष नक्की असेल तर तारीख काढता येते. आमच्या गावच्या देवळात जुनी पंचांगं जपून ठेवलेली आहेत. १९५६ चं सापडलं तर त्यातली तारीख पुढच्या अंकात देईन. वडिलांना सांगून ठेवा.